गाडी आपोआप लेन सोडते? गॅरेजला येण्याआधी हे तपासा

“भाऊ, गाडी डाव्या हातले वढस.”

धुळ्यात हायवेला लागून माझं व्हील अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचं दुकान आहे, एकोणीस वर्षं झाली. ‘गाडी डावीकडे ओढते’ या अर्थाच्या वरच्या वाक्यानं सुरू होणाऱ्या तक्रारी मी मोजायच्या सोडून दिल्यात. कुणी दुभाजकाला आरसा घासून आलेला असतो, कुणाचं चाक साइडपट्टीवरून खाली उतरून रिम वाकलेली असते, कुणी शेजारच्या ट्रकच्या हॉर्ननं जेमतेम वाचलेला असतो. सांगणं सगळ्यांचं सारखंच: मी काही केलं नाही, गाडी आपोआप गेली.

पुष्कळदा ते खरं असतं. पण पुष्कळदा मशीनवर चारही चाकांचे आकडे हिरवे, म्हणजे बरोबर येतात, गिऱ्हाईक नाराज होतं आणि मला गाडी सोडून माणसाला प्रश्न विचारावे लागतात. म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू केलाय. माझ्या धंद्याला तो परवडत नाही, पण बरोबर तोच आहे.

आधी लक्षण ओळखा

लोक सगळ्यालाच ‘ओढते’ म्हणतात. त्यात निदान सहा वेगळी दुखणी असतात.

- हाताची पकड सैल केली की गाडी नेहमी एकाच बाजूला जाते. कुठलाही रस्ता, कुठलीही वेळ.
- एरवी सरळ चालते, ब्रेक दाबला की एका बाजूला खेचते.
- गाडी सरळ जाते, पण स्टीअरिंग वाकडं धरावं लागतं.
- कधी डावीकडे, कधी उजवीकडे. सारखी सावरावी लागते. ही ओढणं नव्हे, भटकणं.
- पांढरी पट्टी ठळक असली की स्टीअरिंग स्वतःहून हलतं. हे फक्त लेन असिस्ट (पट्टी बघून गाडी आपोआप लेनमध्ये ठेवणारी सोय) असलेल्या नव्या गाड्यांत.
- हाताला काहीच खेच जाणवत नाही. एकदम लक्षात येतं की चाक पट्टीवर आहे, किंवा पट्टीच्या पलीकडे.

शेवटचं लक्षण कुणी आपणहून सांगत नाही, काढून घ्यावं लागतं. आणि सगळ्यात जीवघेणं तेच आहे.

हिशेब करून बघा. हायवेची एक लेन साडेतीन मीटर रुंद. लहान गाडी साधारण १.७ मीटर. बरोबर मधून चाललात तरी दोन्ही अंगांना ०.९ मीटर उरतं. ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. गाडीचं तोंड फक्त एक अंश तिरकं झालं, म्हणजे घड्याळाचा मिनिटकाटा दहा सेकंदांत सरकतो तेवढं, तरी सव्वादोन सेकंदांत चाक पट्टीवर येतं. जागा असलेला माणूस ओढणारी गाडी दिवसभर सावरत नेतो, त्याच्या खांद्याला तेवढं दुखतं. पेंगलेल्या माणसाला मात्र नवीकोरी, आकडे हिरवे असलेली गाडीसुद्धा वाचवत नाही.

१. किती वाजले होते?

पारोळ्याकडचा एक माणूस दोन महिन्यांत तीनदा आला. पहिल्यांदा अलाइनमेंट केलं. दुसऱ्यांदा पैसे न घेता पुन्हा तपासलं. तिसऱ्यांदा गाडी मशीनवर चढवलीच नाही. विचारलं, “दादा, गाडी गेली तेव्हा वाजले किती होते?”

पहिल्या वेळी आखाजीला (अक्षय तृतीयेला) बायकोला माहेरी सोडून परतत होता, दुपारचे अडीच. दुसऱ्या वेळी वऱ्हाडाला घरी पोचवून पहाटे चार. तिसऱ्या वेळी पुन्हा दुपार, वरण-बट्टीवर तुपाची धार घेऊन निघालेला.

“पण मी झोपेल नव्हतू,” तो म्हणाला.

खोटं बोलत नव्हता. माणूस दोन-चार सेकंद झोपतो आणि त्याला ते कळतही नाही. डोळे कधीकधी उघडेच असतात. ८० च्या वेगाला तीन सेकंद म्हणजे ६६ मीटर, आणि तेवढा पल्ला गाडी कुणीही न चालवता गेलेली असते. शरीराच्या घड्याळात झोपेचे दोन उतार आहेत. मोठा पहाटे दोन ते सहा, छोटा दुपारी दोन ते चार. जेवण झालेलं, बाहेर मे महिन्याचं ४४ अंशांचं ऊन, आत एसीचा गारवा, समोर एरंडोलकडे जाणारा सरळ रस्ता. दुपारचा उतार मग छोटा राहत नाही.

म्हणून पहिली तपासणी कागद-पेनाची. गाडी जेव्हा जेव्हा लेनबाहेर गेली तेव्हाची वेळ, त्याआधी किती तास झोपला होतात, किती तास स्टीअरिंगवर होतात, एवढं लिहा. सगळ्या नोंदी त्या दोन उतारांत पडत असतील तर पाना-पकड हातात घेऊ नका.

आणखी खुणा: मागचे पाच किलोमीटर आठवत नाहीत, ओळखीचा फाटा चुकला, जांभया थांबत नाहीत, पुढच्या गाडीतलं अंतर कमी-जास्त होतंय. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा चालवतो, असं प्रयोगांत दिसलंय. आपल्या कायद्याची दारूची हद्द ०.०३ टक्के, म्हणजे १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम. हळदीच्या दिवशी सकाळी सहाला उठून रात्री अकराला गाडी काढणारा प्रत्येक मामा-काका या हिशेबात बसतो. त्याच्या तोंडाला वास येत नाही एवढाच फरक.

काच उघडणं, गाणी मोठ्यानं लावणं, तोंडावर पाणी मारणं, तंबाखू मळणं, हे सगळं मी स्वतः करून पाहिलंय. पाच-दहा मिनिटं बरं वाटतं. उपयोग होतो तो ढाब्यावर किंवा पेट्रोल पंपावर सावलीत थांबून पंधरा-वीस मिनिटं झोपण्याचा. चहा-कॉफी झोपेच्या *आधी* प्या, कारण ती अंगात भिनायला अर्धा तास घेते. झोपून उठता तेव्हा तिचा अंमल सुरू झालेला असतो. ढाब्याची बाज असेल तर उत्तम. उन्हात बंद गाडीत झोपू नका.

सर्दीच्या गोळीचं पाकीटही बघा. सेटिरिझिन, क्लोरफेनिरामाइन यांनी झोप येते. मोबाइलबद्दल वेगळं काय सांगू? दोन सेकंद खाली पाहिलं की ४४ मीटर गेले.

केळी, कापूस, मिरची वाहणाऱ्या पिकअपचे मालक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती लिहिलेली होती (२०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली). रावेरहून रात्री भरून निघालेला आणि सकाळी वाशीत खाली करून लगेच उलटा फिरवलेला ड्रायव्हर माझ्याकडे ‘गाडी ओढते’ म्हणून आला, तर मी काय दुरुस्त करायचं?

२. रस्ता, वारा आणि ते एक बटण

हेही फुकट. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, शंभराला दोन-अडीच इतका. आपण डावीकडून चालतो, म्हणून चांगली गाडीही हात सैल सोडल्यावर हळूहळू डावीकडे सरकते. हा दोष नाही. उलट ती उजवीकडे ओढत असेल तर ती उताराविरुद्ध जातेय, तेव्हा ते जास्त गंभीर समजा.

दुसरी गोष्ट चाकोरी. उन्हात डांबर मऊ पडतं, भरलेल्या ट्रकांची चाकं त्यात खोबण पाडतात. डाव्या लेनमध्ये रुंद टायरची गाडी त्या चाकोरीत अडकल्यासारखी इकडेतिकडे होते. लेन बदलल्यावर त्रास थांबला तर गाडी निर्दोष.

वाऱ्याला विसरू नका. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगीच उभ्या केल्या नाहीत. पश्चिमेचा वारा आग्रा रोडवर आडवा लागतो. शिरपूरकडे जाताना तो गाडीला उजवीकडे ढकलतो, धुळ्याकडे परतताना डावीकडे. जाता-येताना ओढ बाजू बदलत असेल तर वारा. दोन्ही वेळा एकाच बाजूला असेल तर पुढे वाचा.

खात्रीसाठी सपाट जागा लागते. सुट्टीच्या दिवशी बाजार समितीचं रिकामं पटांगण किंवा असंच एखादं मोकळं मैदान, मालकाला विचारून. ३०-४० चा वेग, बोटं स्टीअरिंगभोवती पण सैल. हायवेवर हात सोडून चाचणी करणारे महाभाग मी पाहिलेत. ते करू नका.

लेन असिस्ट असेल तर त्याचं बटण बंद करून तोच रस्ता पुन्हा चालवा. ओढ गेली तर दोष चाकांत नाही. आरशामागचा कॅमेरा पांढऱ्या पट्ट्या वाचतो. पट्टी पुसट असेल, धूळ बसलेली असेल किंवा जुनी पट्टी नीट न खोडता शेजारी नवी मारलेली असेल तर तो गोंधळतो, नाहीतर गप्प बसतो. काच बदलली असेल तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचा नेम पुन्हा जुळवणं, झालं का ते विचारा. आणि त्याच्या भरवशावर डुलकी काढू नका, पट्टी संपली की तोही संपतो.

३. हवा

इथे माझ्या दुकानातल्या निम्म्या खऱ्याखुऱ्या तक्रारी मिटतात, म्हणजे मला वीस रुपयेही मिळत नाहीत. ज्या बाजूच्या टायरमध्ये हवा कमी, तो टायर जास्त चेपतो, जास्त अडतो आणि गाडी त्या बाजूला जाते.

किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. टायरच्या अंगावर छापलेला मोठा आकडा त्याची कमाल मर्यादा आहे, तो भरायचा नसतो. हवा सकाळी, टायर गार असताना मोजा. खानदेशात हे जास्त महत्त्वाचं, कारण सकाळी भरलेली ३३ ची हवा मे महिन्यातल्या दुपारी तासभर पळाल्यावर ३८ दिसू शकते. लोक घाबरून सोडून देतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर २८ वर बसलेला असतो. नायट्रोजन भरला म्हणून हे टळत नाही, तापला की तोही फुगतोच.

एकच टायर दर आठवड्याला उतरत असेल तर पंक्चर किंवा व्हॉल्व्ह बघा. नुसती हवा भरत राहणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं.

४. टायर

गाडी उभी करा, स्टीअरिंग पूर्ण वळवा आणि पुढच्या टायरवर आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत हात फिरवा. एकच कड झिजली असेल तर कॅम्बर किंवा टो (चाकांचे कोन, सहाव्या मुद्द्यात सांगितलेत) बिघडलाय. हात एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखा लागत असेल तर टो नक्की. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानंही संपला. बाजूला फुगा दिसला तर वाचणं थांबवा आणि स्टेपनी लावा.

सगळं ठीक दिसतंय आणि तरी ओढते? पुढची दोन चाकं डावी-उजवी अदलाबदल करून घ्या. ओढ बाजू बदलली तर टायरच्या आतल्या बांधणीत दोष आहे, आणि जगातलं कुठलंही अलाइनमेंट तो काढू शकत नाही. ओढ तिथेच राहिली तर टायर सुटला, गाडी अडकली. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र अशी अदलाबदल चालत नाही.

५. ब्रेक चिकटलाय का?

सपाट रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं शक्य तितका कमी ब्रेक वापरून चालवा, थांबा, आणि पुढच्या दोन्ही चाकांजवळ तळहात न्या. *जवळ*, रिमला लावू नका, भाजेल. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम असेल, जळका वास येत असेल, अलीकडे ॲव्हरेज घटलं असेल, तर तिथला कॅलिपर, म्हणजे ब्रेकचा चिमटा, सुटत नाहीये. आपल्याकडची धूळ आणि वाळलेलं ग्रीस, पिना जाम होतात. गाडी त्याच बाजूला ओढते. ही चाचणी लळिंग घाट उतरल्यावर करू नका, तिथे चारही चाकं तापलेलीच असतात.

ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल तर गणित उलटं. ज्या बाजूला गाडी जाते तिथला ब्रेक काम करतोय, दुसऱ्या बाजूचा कमी लागतोय. दोन्हींत काम मेकॅनिकचं. व्हिडिओ बघून कॅलिपर उघडू नका.

६. अलाइनमेंट

आता माझ्याकडे या. लहान गाडीचे मी ४०० घेतो.

टो म्हणजे चाकांचे पंजे आत वळलेत की बाहेर. त्यानं टायर खाल्ला जातो आणि स्टीअरिंग वाकडं बसतं, पण एकट्या टोमुळे गाडी सहसा ओढत नाही. ओढतात ते कॅम्बर आणि कॅस्टर. कॅम्बर म्हणजे चाक वरच्या बाजूनं आत की बाहेर झुकलंय. कॅस्टर समजायला सायकल आठवा: पुढचा चिमटा तिरका असतो म्हणून हात सोडला तरी सायकल सरळ जाते. गाडीतही तसाच तिरकेपणा असतो. एका बाजूचा कमी झाला की गाडी त्या बाजूला जाते.

मेख अशी की बहुतेक लहान गाड्यांत फक्त पुढचा टो पान्यानं फिरवता येतो. कॅम्बर-कॅस्टर लाल आला तर तो ‘सेट’ करायचा नसतो, वाकलेला भाग शोधायचा असतो. दिवे बंद असलेल्या रस्त्यावर स्पीडब्रेकर आपटला, खड्ड्यात चाक गेलं, आणि लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, वाकला. मागचं चाक वाकडं झालं तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते.

दुकान कसं ओळखावं? मशीनवर चढवण्याआधी हवा तपासतो, चाक हलवून खेळ बघतो, आधीचे आणि नंतरचे आकडे छापून देतो, तो बरा. सरळ चढवून दहा मिनिटांत उतरवतो, त्याला नमस्कार करा. सांधे ढिले असताना अलाइनमेंट करणं म्हणजे धावत्या बैलगाडीत सुईत दोरा ओवणं.

७. सांधे आणि स्टीअरिंग

भटकणारी गाडी इथे सापडते. टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश, व्हील बेअरिंग, शेवटी स्टीअरिंग रॅक. घरी एवढंच करा: गाडी उभी, इंजिन चालू, स्टीअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवा आणि दुसऱ्याला पुढची चाकं बघायला सांगा. स्टीअरिंग दोन बोटं फिरलं तरी चाक हलत नसेल किंवा खालून खट्ट आवाज येत असेल तर सांध्यात खेळ आहे. जॅक लावून गाडीखाली जाऊ नका. रस्त्याकडेच्या काळ्या मातीत जॅक कसा खचतो ते एकदा बघितलेला माणूस पुन्हा जात नाही.

चाक साइडपट्टीवरून उतरलंच तर

पावसाळ्यात काळी माती दबते आणि डांबराची कड वीतभर उंच राहते. तिथून चाक खाली गेलं की माणूस दचकून स्टीअरिंग उजवीकडे झटकतो. चाक कडेला घासत अडतं, मग एकदम वर चढतं, आणि गाडी समोरच्या लेनमध्ये फेकली जाते. अपघात उतरण्यानं कमी, या झटक्यानं जास्त होतो. स्टीअरिंग घट्ट, सरळ धरा. ॲक्सिलरेटर सोडा, ब्रेक करकचून मारू नका. वेग पुरता उतरला, मागून कुणी येत नाही हे पाहिलं, की कड कमी उंच असेल तिथून हळू वर घ्या.

इथे थांबा, दुसऱ्यावर सोपवा

मेकॅनिककडे, आणि गाडी चालवत नव्हे: स्टीअरिंगमध्ये अचानक खेळ आला, ओढ एका दिवसात वाढली, ब्रेक दाबल्यावर गाडी लेन सोडते, चाकातून घरघर किंवा खटखट येते, टायरला फुगा आहे, किंवा आपटल्यानंतर स्टीअरिंग वाकडं झालंय. एअरबॅगचा किंवा पॉवर स्टीअरिंगचा दिवा लागला असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्या, माझ्यासारख्याकडे नको.

डॉक्टरकडे: रात्री पुरेसं झोपूनही दिवसा डोळे मिटतात, घरचे म्हणतात घोरता आणि घोरता घोरता श्वास थांबतो, सकाळी डोकं जड असतं. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे झोपेची तपासणी होते, उपचारही आहे. पारोळ्याच्या त्या माणसाच्या बायकोला मी फोनवर एवढंच विचारलं होतं, “वहिनी, हे घोरतात का?” ती इतकी हसली की मला उत्तर मिळालं. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपत असतील तर चष्म्याचा नंबरही तपासा. नजर जिकडे खेचली जाते तिकडे हात जातात.

रस्त्यातच थांबायची वेळ आली तर गाडी शक्य तितकी डावीकडे घ्या, चारही इंडिकेटर लावा, माणसांना उतरवून कठड्यापलीकडे उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, कुणाला लागलं असेल तर १०८, नाहीतर ११२. टोइंगवाल्याला गाडी पाठीवर घेणारा ट्रक आणायला सांगा. तो नसेल तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची पुढची चाकं उचलूनच न्यायला लावा, आणि निघण्याआधी हँडब्रेक सुटलाय का ते स्वतः बघा.